स्टेफाबाईंची रांग

पोलिश भाषेत 'पानी' म्हणजे बाई. कोणत्याही स्त्रीचे नाव आदराने घ्यायचे तर तिथे नावाआधी 'पानी' लावतात. आपण तोच मान नावाच्या मागून देतो. त्यामुळे वॉर्सातल्या क्रोखमाल्ना रस्त्यावरच्या अनाथालयातली मुले ज्यांना 'पानी स्टेफा' म्हणत, त्या स्टेफानिया विल्चिन्स्कांना मी पहिल्यापासून मनातल्या मनात स्टेफाबाईच म्हणत आले आहे. बाई ज्यू होत्या, शिक्षिका होत्या, आणि 1909 च्या सुमारास एक स्वयंसेविका म्हणून ज्या कामात शिरल्या, त्या कामातून 1942 च्या ऑगस्टपर्यंत बाहेर पडल्या नाहीत.

माझा पोलंडशी संबंध आला तो कोल्हापूरमुळे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सायबेरियाच्या हद्दपारीतून सुटलेली, इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसे तिथे राहिली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. पुढे फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले, जिथे आम्ही लग्नसराईत कापड घ्यायला जातो. माझी आजी त्या पोलिश बायकांच्या डोक्याला बांधलेल्या रंगीत रुमालांविषयी आणि बाजारात बोटांवर मोजून भाव करण्याविषयी सांगत असे. वळिवड्याला आलेले लोक बहुतांशी कॅथलिक होते, त्यांची कहाणी निराळी, स्टेफाबाईंची निराळी. पण आजीच्या त्या रुमालांनी एका परक्या देशाचे नाव घरातले करून ठेवले होते, आणि म्हणून पुढे वाचनात कुठेही पोलंड आले की मी जरा थबकत असे. अशाच एका थबकण्यात यानुश कोर्चाक भेटले.

कोर्चाक सर्वांनाच आधी भेटतात. हेन्रिक गोल्डश्मिट हे त्यांचे खरे नाव; मुलांचे डॉक्टर, लेखक, तीसच्या दशकात पोलिश आकाशवाणीवर 'म्हातारे डॉक्टर' या नावाने बोलणारे, मुलांना हक्क असतात ही गोष्ट जगाच्या फार आधी सांगणारे आणि अखेरीस आपल्या अनाथालयातल्या मुलांबरोबर मृत्यूच्या गाडीत चढलेले. त्यांच्याविषयी जितके वाचावे तितके थोडे, आणि लिहिणारेही पुष्कळ. मात्र त्यांच्यावरची दोन-तीन पुस्तके वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आले की प्रत्येक प्रकरणात कुठेतरी एक वाक्य असते: 'घराची व्यवस्था स्टेफा पाहत असत.' त्या वाक्यानंतर लेखक लगबगीने पुन्हा डॉक्टरांकडे वळतो. घर म्हणजे शंभरांहून अधिक मुलांचे. व्यवस्था म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणी चटकन सांगत नाही.

मला ते थोडेसे ठाऊक होते, कारण मी स्वतः सहा वर्षे वसतिगृहात काढली आहेत. आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई कडक होत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात धोब्याची वही, आणि पंगतीत पानात काही टाकले तर उठू न देण्याची शिस्त. प्रत्येकीच्या पंचावर आणि चादरीवर त्या स्वतः लाल दोऱ्याने क्रमांक काढत. माझा क्रमांक होता 31. आम्हाला त्या मुळीच आवडत नसत. आवडत असत मुख्याध्यापक, कारण ते रविवारी येत, गोष्टी सांगत, गाणी म्हणायला लावत आणि संध्याकाळी निघून जात. दहावीच्या निरोप समारंभात आम्ही मुलींनी वर्गणी काढून मुख्याध्यापकांना शाल आणि पेन दिले. रेक्टरबाई त्या वेळी मागे चहाच्या कपबशा मोजत होत्या. त्यांना काही द्यावे, असे आमच्यापैकी एकीलाही सुचले नाही. मलाही नाही. ही खंत पुढे तीस वर्षांनी एका पोलिश बाईचे चरित्र वाचताना उगवेल, असे कुणी सांगितले असते तर मी हसले असते.

स्टेफाबाईंचा जन्म 26 मे 1886 चा, वॉर्सातल्या एका खात्यापित्या ज्यू कुटुंबातला. घरात बोलली जात असे ती पोलिश. ज्या काळात वॉर्सा रशियाच्या झारच्या अमलाखाली होते आणि मुलींनी विद्यापीठात शिकणे सोपे नव्हते, त्या काळात या मुलीला शिक्षणासाठी परदेशी पाठवण्याइतकी ऐपत आणि तितकी उदार दृष्टी घरच्यांकडे होती. त्या बेल्जियममधल्या लिएजला निसर्गविज्ञान शिकल्या. परत आल्यावर त्यांच्यापुढे सुखवस्तू घरातल्या मुलींचे दोन-तीन ठरलेले मार्ग होते. त्यांनी वेगळाच धरला. फ्रान्चिश्कान्स्का रस्त्यावर 'अनाथ साहाय्य' नावाच्या ज्यू संस्थेचा एक आसरा होता. त्या तिथे मदतीला जाऊ लागल्या. असे आसरे त्या काळी कसे असत याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. कोंदट जागा, खरजेने भरलेली मुले आणि देणगीदारांची अधूनमधून होणारी पाहणी. मदतीला आलेल्या या तरुण बाई थोड्याच काळात तो आसरा चालवू लागल्या. सामाजिक कामात असे अनेकदा होते. जो झाडू उचलतो त्याच्याकडेच पुढे किल्ल्या येतात.

त्याच आसऱ्यात त्यांची आणि डॉक्टर कोर्चाकांची गाठ पडली. दोघांना मिळून एक नवी वास्तू बांधून मिळाली, क्रोखमाल्ना रस्त्यावर, क्रमांक 92. 'दोम शेरोत', म्हणजे अनाथांचे घर, 1912 च्या ऑक्टोबरात तिथे राहायला गेले. चार मजली इमारत, विजेचे दिवे, घरभर फिरणारे गरम पाण्याचे नळ, मोठे दालन, मुलामुलींच्या दोन स्वतंत्र शयनशाळा आणि त्यांच्या मध्ये दोन्हीकडे पाहता यावे अशी काचेची खोली. सात ते चौदा वर्षांची ज्यू मुले तिथे राहत आणि दिवसा शहरातल्या शाळांत शिकायला जात. डॉक्टरांनी कल्पिलेली आणि बाईंनी चालवलेली ही वास्तू एका परीने मुलांचे प्रजासत्ताक होती.

त्या प्रजासत्ताकातली मुलांची न्यायसभा जगप्रसिद्ध झाली. दर आठवड्याला पाच मुले न्यायाधीश म्हणून चिठ्ठ्या टाकून निवडली जात. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही फिर्याद नाही अशांतूनच. कायद्याची कलमे एकपासून हजारपर्यंत क्रमांकांची होती, आणि पहिली नव्याण्णव कलमे कुठल्या ना कुठल्या कारणाने क्षमा करण्याची होती. पुढे आकडा चढत जाई तसा दोषाचा ठपका वाढत जाई, आणि हजाराव्या कलमाखाली घरातून काढून टाकता येत असे. मोठ्यांवरही फिर्याद करता येई. खुद्द डॉक्टर सहा महिन्यांत पाच वेळा या सभेपुढे उभे राहिले आणि ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ही कल्पना कुणालाही मोहात पाडील अशीच आहे. पण सभा भरवायची म्हणजे शंभर मुलांतल्या आठवडाभराच्या फिर्यादी वेळेवर टिपल्या गेल्या पाहिजेत, रडणाऱ्याची साक्ष रडणे थांबल्यावर घेतली गेली पाहिजे, निकाल सर्वांसमोर वाचला गेला पाहिजे, आणि ज्याला शिक्षा झाली तो दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला यायला लाजत नाही ना, हेही कुणीतरी पाहिले पाहिजे. कल्पना एकदा सुचते. अंमल रोज सकाळी साडेसहाला करावा लागतो.

मला स्वतःला न्यायसभेहून दुसऱ्या दोन गोष्टी अधिक विलक्षण वाटतात. एक म्हणजे केरसुणी. बहुतेक संस्थांत केरसुणी आणि फडके जिन्याखाली, दाराआड, पाहुण्यांच्या नजरेआड ठेवतात. क्रोखमाल्नाच्या घरात ती शयनशाळेच्या प्रवेशापाशी मानाच्या जागी, सर्वांना दिसतील अशी ठेवलेली असत, कारण घरातली कामे मुलेच पाळीने करत आणि काम जर सन्मानाचे असेल तर त्याची हत्यारे अडगळीत कशी राहतील? झाडणे, भांडी, बटाटे सोलणे, धाकट्यांना वाचून दाखवणे, प्रत्येक कामाची पाळी लिहिलेली असे. हिवाळ्यात घंटेसरशी उठणाऱ्याला आठवण म्हणून एक चित्रकार्ड मिळे, त्यावर बर्फाचे दृश्य असे. बटाटे सोलणाऱ्याला मिळे त्यावर फुले असत. बक्षीस म्हणून त्याची किंमत काहीच नव्हती, पण अनाथ मुलाजवळ स्वतःचे म्हणून जपायला असतेच काय?

त्याच प्रश्नाचे उत्तर म्हणजे दुसरी गोष्ट, सापडलेल्या वस्तूंचे कपाट. कुठे दोऱ्याचा तुकडा सापडला, मणी, पीस, गंजलेला खिळा, काचेचा तुकडा, तर तो केरात जात नसे. तो कपाटात ठेवला जाई आणि तिथून त्याचा मालक तो ओळखून घेऊन जाई. मोठ्या माणसाला जे कचरा दिसते ते मुलाची मालमत्ता असते, आणि मालमत्तेचा हक्क लहानमोठा नसतो, ही त्यामागची समजूत. ही समजूत लेखात मांडणे एक आणि दिवसाला दहा वेळा 'बाई, माझे निळे बटण?' याला न वैतागता उत्तर देणे दुसरे. मी शिक्षकी पेशात आहे. पहिले मी अनेकदा केले आहे, दुसरे फार थोड्या वेळा.

स्टेफाबाई उंच, थोराड बांध्याच्या, केस अगदी आखूड कापलेल्या, साध्या काळ्या पोशाखावर पांढरी कॉलर लावणाऱ्या होत्या. मुले डॉक्टरांच्या अंगाखांद्यावर चढत, त्यांच्या दाढीशी खेळत, पडलेले दुधाचे दात त्यांना विकत. बाईंच्या अंगाखांद्यावर फारसे कुणी चढत नसे. तिथे वाढलेल्या कितीएक मुलांनी पुढे लिहिले-सांगितले, त्यात डॉक्टरांविषयी प्रेम ओसंडून वाहते आणि बाईंविषयी आधी धाक येतो, मग बऱ्याच पुढे, बहुधा आपली स्वतःची मुले झाल्यावर, कृतज्ञता येते. डॉक्टर घरातले वडील होते आणि बाई आई, असे सरसकट म्हटले जाते. हे मला थोडे सोपे वाटते. आईच्या नावाखाली बाईच्या व्यावसायिक कौशल्याला 'माया' म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सगळ्यांनाच सवय आहे. शंभर मुलांच्या घरात साथ पसरू न देणे, शिधा महिनाअखेरपर्यंत पुरवणे, कुणाचा बूट फाटला आणि कुणाचे बोलणे अचानक बंद झाले हे एकाच नजरेत टिपणे, याला माया लागते हे खरे, पण नुसत्या मायेने ते होत नाही. त्याला शिक्षण आणि सराव लागतो. त्यांचे डॉक्टरांवर प्रेम होते का, असा प्रश्न काही चरित्रकारांना फार सतावतो. मला नाही. इतकी वर्षे इतके काम बरोबर करणाऱ्या दोन माणसांच्या नात्याला आपण दिलेले कोणतेही नाव अपुरेच पडेल.

पहिल्या महायुद्धाने त्यांची खरी परीक्षा घेतली. 1914 साली रशियन सैन्याने कोर्चाकांना डॉक्टर म्हणून बोलावून घेतले आणि ते परत आले ते 1918 साली. चार वर्षे. त्या काळात वॉर्सा रशियनांच्या हातून जर्मनांच्या हाती गेले, अन्नाचा आणि कोळशाचा दुष्काळ पडला, साथी आल्या, आणि घरातल्या मुलांची संख्या वाढत दीडशेच्या आसपास गेली. घर उघडून दोनच वर्षे झालेली, रिती अजून मुरायच्या होत्या, ज्यांच्या नावावर देणग्या मिळत ते गृहस्थ आघाडीवर. युद्धाच्या धामधुमीत लष्करी रुग्णालयांतून डॉक्टर आपला मुलांवरचा मोठा ग्रंथ लिहीत होते, आणि इकडे त्या ग्रंथातल्या विचारांचा प्रयोग एक अठ्ठावीस वर्षांची बाई एकटीने जिवंत ठेवत होती. डॉक्टर परत आले तेव्हा घर जागेवर होते. शिक्षणाच्या इतिहासात या वाक्याला पुरेशी जागा मिळत नाही. मला तर ते त्या इतिहासातले एक मोठे वाक्य वाटते.

पुढे वीसच्या दशकात घरात एक नवी सोय सुरू झाली. शिक्षक होऊ पाहणारे तरुण-तरुणी, आणि घरातून मोठी होऊन बाहेर पडलेली काही मुले, यांना राहायला-जेवायला जागा मिळे आणि बदल्यात दिवसातले काही तास मुलांबरोबर काम करायचे असे. या उमेदवारांनी रोज वहीत निरीक्षणे आणि अडचणी लिहायच्या. त्या वह्या स्टेफाबाई वाचत आणि उत्तर लिहून परत करत. त्यातल्या काही नोंदी टिकल्या आहेत. त्यांचा सूर कोरडा, नेमका, अलंकाररहित आहे. कुणी 'मुले ऐकत नाहीत' असे लिहिले तर कोणते मूल, कोणत्या वेळी, तुम्ही त्या आधी काय केले होते, असे विचारणारा. शिक्षण महाविद्यालयात आम्हाला पाठ निरीक्षणाच्या वहीवर 'समाधानकारक' असा शेरा मिळत असे. वर्षभर तेवढाच एक शब्द. दिवसभर मुलांच्या मागे उभे राहून रात्री दिव्याखाली विशीतल्या उमेदवारांच्या वह्यांना ओळी-ओळींनी उत्तरे लिहिणारी बाई डोळ्यांपुढे आणली की तो शब्द मला अजून टोचतो.

तीसच्या दशकात पोलंडमधले वातावरण बिघडत गेले. ज्यूविरोधी चळवळी उघड झाल्या. डॉक्टरांचा आकाशवाणीवरचा कार्यक्रम लोकप्रिय असूनही बंद पडला. स्टेफाबाई 1931 साली प्रथम पॅलेस्टाइनला गेल्या, ऐन हारोद या किबुत्झमध्ये, म्हणजे ज्यूंच्या सामुदायिक शेतवस्तीत, जिथे त्यांच्या हाताखाली तयार झालेली एक तरुणी आधीच स्थायिक झाली होती. पुढे त्या पुन्हा पुन्हा गेल्या, हिब्रू शिकल्या, तिथल्या बालगृहात काम केले. 1938 साली त्या गेल्या त्या राहण्याच्या तयारीनेच. पन्नाशी उलटली होती, शरीर थकले होते, आणि नव्या जागी त्यांच्या अनुभवाला मान होता. तरीही 1939 साली, युद्धाला तोंड फुटायच्या काही महिने आधी, त्या वॉर्साला परतल्या. का परतल्या याची पुष्कळ चर्चा होते. मला त्यात गूढ काही दिसत नाही. घरापासून दूर असलेल्या बाईला घरात काय चालले असेल याचा घोर लागतो. त्यांचे घर तेवढे एकच होते.

सप्टेंबर 1939 मध्ये जर्मनीने पोलंडवर चाल केली. वॉर्साच्या वेढ्यात घराचे छप्पर जळाले, खिडक्यांच्या काचा गेल्या, पण घर उभे राहिले. ऐन हारोदच्या लोकांनी बाईंना सोडवून न्यायची खटपट केली. 1940 च्या वसंतात रेड क्रॉसमार्फत त्यांचे त्रोटक उत्तर गेले. त्याचा आशय इतकाच होता की आम्ही बरे आहोत, मी थोडेफार काम करते, डॉक्टर पुष्कळ करतात, आणि मी आले नाही कारण मुलांना सोडून यायची माझी इच्छा नाही. 'मी थोडेफार' आणि 'डॉक्टर पुष्कळ' ही वाटणी वाचून मला आमच्या रेक्टरबाई आठवल्या. पाहुण्यांनी व्यवस्थेचे कौतुक केले की त्या मुख्याध्यापकांकडे बोट दाखवून आत निघून जात असत.

1940 च्या नोव्हेंबरात जर्मनांनी वॉर्साची ज्यू वस्ती भिंतीआड बंद केली. चार लाखांहून अधिक माणसे त्या कोंडवाड्यात होती. क्रोखमाल्नाचे घर भिंतीबाहेर राहिल्यामुळे मुलांना ते सोडावे लागले. ख्वोद्ना रस्त्यावरच्या एका शाळेच्या इमारतीकडे बिऱ्हाड निघाले तेव्हा पहारेकऱ्यांनी बटाट्यांची गाडी जप्त केली. डॉक्टर जाब विचारायला गेले, ज्यूंना सक्तीची असलेली दंडावरची पट्टी न बांधता, आणि जवळजवळ महिनाभर पाव्हियाक तुरुंगात डांबले गेले. म्हणजे पुन्हा तेच. नवी जागा, हिवाळा, गेलेले बटाटे, दीडशेहून अधिक मुले, आणि बाई एकट्या. 1941 च्या ऑक्टोबरात पुन्हा जागा बदलावी लागली. या वेळी शेन्ना रस्त्यावर, आणखी अडचणीत, जिथल्या एका मोठ्या दालनात दिवसा शाळा आणि जेवण होई आणि रात्री तिथेच अंथरुणे पडत. मुलांची संख्या दोनशेच्या घरात गेली होती. बाहेर रस्त्यावर माणसे उपासमारीने मरून पडत होती, आणि आत पाळ्यांची यादी लागत होती, न्यायसभा भरत होती, मुलांची वजने घेऊन लिहिली जात होती.

याच दालनात 18 जुलै 1942 रोजी मुलांनी एक नाटक केले, आणि ते होते रवींद्रनाथांचे 'डाकघर'. वैद्याने घराबाहेर जायला मनाई केलेला आजारी अमल, त्याची राजाच्या पत्राची वाट पाहणे, आणि शेवटी येणारी ती झोप. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात कितीदा तरी पाहिलेले हे नाटक, भिंतीआड कोंडलेल्या मुलांनी पोलिशमधून केले. एस्तेर्का विनोग्रोन नावाच्या तरुण मदतनीस मुलीने ते बसवले होते. या प्रयोगाविषयी आपल्याकडे अधूनमधून लिहिले जाते, आणि लिहिताना साहजिकच रवींद्रनाथांच्या वैश्विकतेवर बोलले जाते. मी मात्र शाळेत नाटके बसवलेली बाई आहे. माझ्या मनात येते ते असे की त्या उपासमारीत अमलसाठी बरी चादर कुणाच्या बिछान्यावरून आणली असेल, आणि प्रयोग संपल्यावर, पाहुणे डोळे पुसत पांगल्यावर, दालनातली बाके हलवून रात्रीची अंथरुणे कुणाच्या देखरेखीखाली घातली असतील.

चारच दिवसांनी, 22 जुलैला, वॉर्सातून ट्रेब्लिंका या नाझींच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटू लागल्या. दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक माणसे त्या गाड्यांतून नेऊन मारली गेली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अनाथालयाची पाळी आली. मुलांनी रांगा केल्या आणि ती शहरातून चालत, गाड्या सुटत त्या उमश्लागप्लात्झ नावाच्या आवारापर्यंत गेली. त्या आवारात माणसांना सोडवण्याची धडपड करणारे नाहुम रेम्बा यांनी ते पाहिले आणि लिहून ठेवले. डॉक्टर पहिल्या गटापुढे होते, असे ते सांगतात, आणि दुसऱ्या गटापुढे स्टेफानिया विल्चिन्स्का. मुले चारचारच्या ओळीत चालत होती.

पुढे हे दृश्य किती जणांनी रंगवले. पुतळे झाले, चित्रे झाली, कविता झाल्या. त्यांत डॉक्टर असतात, त्यांच्या कडेवर आणि हाताशी मुले असतात. दुसरा गट सहसा नसतो. पण ज्याने मुलांची सहल नेली आहे त्याला विचारा. पुढे चालणाऱ्याच्या हाताशी धाकटी, उत्साही, बिलगणारी मुले असतात. मागे रेंगाळणारी असतात, रुसलेली असतात, ज्याच्या बुटाची नाडी सुटली तो असतो, जे काय चालले आहे ते नीट समजण्याइतकी मोठी असून काही बोलत नाहीत ती असतात. ती बाईंच्या वाट्याला येतात.

ट्रेब्लिंकाच्या जागी आज सुमारे सतरा हजार ओबडधोबड दगड उभे केलेले आहेत. अनेकांवर उद्ध्वस्त झालेल्या गावांची नावे कोरली आहेत. व्यक्तीचे नाव एकाच दगडावर आहे: यानुश कोर्चाक, कंसात हेन्रिक गोल्डश्मिट, आणि खाली 'आणि मुले'. त्यात स्टेफाबाई मावत नाहीत. त्या डॉक्टरही नव्हत्या आणि मूलही नव्हत्या. त्या दोघांबरोबर घरातले आणखीही काही सहकारी गेले, तेही मावत नाहीत. क्रोखमाल्नाची इमारत मात्र, छपराखालचा मजला वगळून, अजून उभी आहे. रस्त्याचे नाव बदलले आहे. बाईंचे स्वतंत्र चरित्र पोलिशमध्ये आले ते 2015 साली, त्यांच्या मृत्यूनंतर त्र्याहत्तर वर्षांनी.

ते चरित्र आल्याचे कळले त्याच सुमारास आमच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका घरपोच आली होती. मी पाने उलटली. मुख्याध्यापकांवर तीन लेख होते, त्यांतला एक माझ्याच वर्गमैत्रिणीचा, आणि चांगला होता. शेवटून दुसऱ्या पानावर शिक्षकेतर सेवकांची यादी होती. त्यात शिपाई, माळी, स्वयंपाकी यांची नावे होती, आणि त्यांच्यानंतर, आडनावाशिवाय, 'रेक्टर (मुलींचे वसतिगृह)'. मी संपादकांना पत्र लिहून पूर्ण नाव कळवायचे ठरवले, लिहायला बसले, आणि तेव्हा ध्यानात आले की बाईंचे आडनाव मला माहीत आहे, पण नाव माहीत नाही. सहा वर्षांत ते विचारायची वेळ आली नव्हती. मैत्रिणींना फोन केले. त्यांनाही माहीत नव्हते. एकीने बाई केव्हाच गेल्याचे सांगितले, आणि मग आम्ही दोघी थोडा वेळ मुलाबाळांविषयी बोललो.

त्यानंतरच्या दिवाळीत माहेरी गेले असताना माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली. आईने माझा वसतिगृहातला पंचा कधीचा फाडून त्याची दोन फडकी केली होती. एक वापरून गेले होते. दुसऱ्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा 31 तसाच होता, उलट बाजूने पाहिले तरी एकही गाठ न दिसणारा.